अळणावरचा ळ

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा पहिलं भांडण पिठावरून झालं. पुढच्या खोलीत माझी गिरणी, मागच्या खोलीत बायकोचं टायपिंग, आणि मध्ये एक दार. ते मी उघडं टाकायचो आणि ती लावायची. गिरणीवाल्याच्या भुवयांपासून चपलेपर्यंत पीठ असतंच, त्याला कोण काय करणार? पण ती ओरडायची, "अंग झाडून या आत. हे यंत्र आहे, परात नव्हे."

"तुझ्या यंत्राला काय भाकरी खायची नाही का?"

"खायची असती तर तुम्हालाच सांगितलं असतं. दार लावा."

असं चालायचं. आता ते दार दिवसभर उघडंच असतं. लावणार कोण?

मी चौथी शिकलेला माणूस. वाचतो, पण ओळीखाली बोट ठेवून. ती मॅट्रिक, वर टायपिंगची परीक्षा दिलेली. हुबळी-धारवाडात कानडी टाइप करणारे गल्लोगल्ली होते, मराठी करणारे मोजके. आमची माणसं घरात मराठी बोलतात, दाराबाहेर पडली की कानडी. पण मुलीचा बायोडाटा सांगली-कोल्हापूरकडं धाडायचा म्हटलं की तो मराठीत पाहिजे. लग्नपत्रिका मराठीत पाहिजे. घरात कुणी गेलं तर दिवसांचं पत्र मराठीत पाहिजे. ते सगळं तिच्याकडं यायचं. आधी ती रोज बसनं धारवाडला जायची, सुभाष रोडवरच्या एका टायपिंगच्या दुकानात. नव्वदनंतर तिथं टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तो ती शिकली. पुढं मालकानं दुकान बंद केलं तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर तिनं हुबळीतल्या उणकलला आमच्या घरी आणला.

त्यात विंडोज आधीपासूनच होतं. त्याची सीडीबिडी काही मिळाली नाही. पण ज्याच्यात टाइप करायचं ते ऑफिस मात्र तिनं नवंकोरं, खोक्यासकट विकत घेतलं. सगळी हुबळी तेव्हा कुणाच्या तरी सीडीवरून उतरवून घेत होती. मी म्हटलं, "फुकट मिळतंय ते विकत कशाला घेतेस?"

"तुमच्या गिरणीत कुणी दळून घेऊन तसंच चालू पडलं तर?"

खोकं तिनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं, डांबराच्या गोळ्या घालून. मराठी फॉन्टची फ्लॉपीसुद्धा त्याच खोक्यात. हे खोकं मुद्दाम सांगतोय, कारण शेवटी सगळं त्याच्यावरच आलं.

शेवटच्या वर्षी तिला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. लोकांची कामं तिनं कमी केली, पण यंत्रापुढं बसणं सुटलं नाही. मी दारातून विचारायचो, "काय टाइप करतेस एवढं?"

"अळणावर."

अळणावर तिचं माहेर. तिचे वडील तिथं लाकडाच्या वखारीत कामाला होते. स्टेशन, जंगल, वखारी, एवढंच गाव. त्याबद्दल एवढं काय टाइप करायचं असतं ते मला कळेना.

"दाखव की मला."

"पुरं झाल्यावर. तुम्ही बोट ठेवून वाचणार आणि माझ्या पडद्याला पीठ लावणार."

ते पुरं झालं की नाही ते मला माहीत नाही. श्रावणात ती गेली.

दोन महिने त्या यंत्राला कुणी हात लावला नाही. दिवाळीत मुलगी आली आणि तिनं बटण दाबलं, तर चालू होईना. काळा पडदा, वर दोन ओळी इंग्रजी. मुलगी रडायला लागली. तिला वाटलं, आईनं लिहिलेलं गेलं. मुलगी धारवाडला असते. जावई कॉलेजात शिकवतो, कानडी माणूस, दोघांनी आपल्या मनानं लग्न केलेलं. तो मला मावा म्हणतो. कानडीत मावा म्हणजे सासरा. आमच्या हिला अत्ती म्हणायचा. मराठी बोलतो, थोडं अडखळत, पण मनापासून. त्यानं यंत्राचं पोट उघडलं, आतली डबी काढून धारवाडला नेली आणि आठवड्यानं येऊन सांगितलं, "मावा, व्हायरसनं विंडोज खाल्लं. अत्तीच्या फाइली चांगल्या आहेत." मग म्हणाला, "आता यात मी विंडोज घालत नाही. सीडी नाही, आणि चोरीचं मी घालत नाही. लिनक्स घालतो. फुकट आहे आणि उघडं आहे."

"उघडं म्हणजे?"

"म्हणजे आत काय चाललंय ते कुणीपण बघू शकतो. बाईला शंका आली की तुम्ही डबा उघडून दाखवता ना, बघ बाई, तुझंच पीठ? तसं."

"मी डबा उघडतो. म्हणून कुणी माझी गिरणी उचलून नेत नाही."

"इथं नेऊ शकतात. नेली तरी तुमची तुमच्याकडं राहते."

असली गिरणी मी जन्मात बघितली नाही. पण घाला म्हटलं.

लिनक्सबरोबर एक फुकटचं ऑफिस आलं. तिचा फॉन्ट त्यानं त्यात घातला आणि मुलीनं आईची फाइल उघडली. बावीस पानं. आम्ही तिघं त्या खोलीत उभे. मी अंग झाडून आलो होतो. मुलीनं वरची ओळ वाचली आणि थांबली.

"आमचं अणावर."

"अणावर? हे कुठलं गाव?" मी म्हटलं.

खाली बघितलं तर हुबळीची हुबी झालेली. सकाळची सका. फळाचं नुसतं फ. बाकी सगळी अक्षरं जागच्या जागी, फक्त ळ कुठं म्हणजे कुठं नाही. जावई डोकं खाजवायला लागला. "एल्लि होय्तु?" म्हणाला. कुठं गेलं?

त्यानं दोन दिवस खटपट केली. मग मला जे सांगितलं ते असं. या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर एकेका नंबरावर बसवलेलं असतं. ज्यानं तो फॉन्ट केला त्यानं ळ ज्या नंबरावर बसवला, तो नंबर या फुकटच्या ऑफिसला जोडरेघ वाटतो. ओळीच्या शेवटी शब्द तुटला तरच दाखवायची, एरवी लपवून ठेवायची अशी जोडरेघ. म्हणून ते ळ आला की लपवतं.

"फाइलीत आहे मावा. दिसत नाही एवढंच."

"आहे तर दाखवायला सांगा की त्याला."

"ऐकत नाही."

नंबर बदलून बघितला, तर आणखी अक्षरं फुटली. मुलीनं फाइल सायबर कॅफेत नेली. तिथं पैशाचं ऑफिस होतं, पण आईचा फॉन्ट नव्हता, आणि फॉन्टची फ्लॉपी तो कॅफेवाला घालू देईना. पडद्यावर नुसत्या इंग्रजी खुणा दिसल्या. परत आली.

आमच्यात वर्षश्राद्धाला जेवायला आलेल्यांच्या हातात काहीतरी द्यायची पद्धत आहे. स्टीलची वाटी, डबी, असलं काही. मी मनाशी ठरवलं होतं, वाटी नको, हिचं अळणावर छापून द्यायचं. जन्मभर लोकांच्या पत्रिका टाइप केल्या, एकदा तिचं स्वतःचं लोकांच्या हातात जाऊ दे. पण ळ नसलेलं कसं देणार? ज्या बाईनं मला ळ आणि ल वरून ओरडा दिला नाही असा दिवस नव्हता, तिच्या नावानं 'अणावर' वाटायचं?

मुलगी म्हणाली, "अप्पा, असं करू. आहे तसं कागदावर काढून देते. तुम्ही वाचा आणि जिथं जिथं ळ पाहिजे तिथं पेन्सिलीनं घाला. मग मी प्रेसमध्ये नव्यानं जुळवायला देते."

"मी? चौथीवाला?"

"तुम्हाला अळणावरची माणसं माहीत आहेत. मला नाहीत."

खरं म्हणजे तिला मला काहीतरी काम लावायचं होतं. मला ते कळत होतं. मी कागद ठेवून घेतले.

लाइट गेली की गिरणी बंद आणि लाइट गेली की मी पेन्सिल घ्यायचो. हुबळीत त्या दिवसांत दुपारी लाइट जायचीच, त्यामुळं काम चांगलं झालं. दळण घेऊन आलेल्या बायका पायरीवर बसलेल्या, मी आत पोत्यावर. 'वे' दिसलं की वेळ. 'जांभं' म्हणजे जांभळं. 'मा' म्हणजे माळ, तिच्या आईची, मोहनमाळ. पहिल्या पानाला मला चार दिवस लागले. मग हात बसला.

तिनं काय काय लिहिलं होतं! पावसात भिजलेल्या सागवानाचा वास. वखारीत ओंडक्यांवर बसून केलेला अभ्यास. स्टेशनवर डबे तोडतात-जोडतात ते बघायला गेली म्हणून खाल्लेला मार. तीसएक वर्षं एका घरात राहून यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, तर ती काय सांगणार.

चुकाही झाल्या. एका जागी तिच्या काकाच्या लग्नाचं होतं, 'वऱ्हाडात सगे आले'. मी तसंच ठेवलं. सगे म्हणजे नातेवाईक, बरोबरच आहे की. मुलगी रविवारी आली, वाचलं आणि म्हणाली, "अप्पा, सगे नव्हे, सगळे. पुढं बघा, तांगेवालासुद्धा आला म्हणते. तो काय सगा?" मी ळ घातला. पण तेव्हापासून मनात एक किडा शिरला. जिथं शब्द मोडलेला दिसतो तिथं मला कळतं. जिथं ळ गेला तरी शब्द शहाण्यासारखा उभा आहे, तिथं कसं कळणार?

एकोणिसाव्या पानावर मी आलो. म्हणजे मी स्वतः. तिथपर्यंत सगळं माहेरचं. एवढ्या पानांत माझा उल्लेख तिथंच एकदा होता. कागदावर असं होतं:

"अणावर इथून किती लांब? गाडीनं दीड तास. दर मे महिन्यात हे म्हणतात, या वर्षी जाऊ. यांना आस फार. अंगभर पीठ घेऊन दारात बसलेले दिसले की मला यांचा कवा येतो आणि मी परत विचारत नाही."

यांना आस फार.

मी बोट तिथंच ठेवून बसलो. लाइट आली, बायका बाहेरून ओरडायला लागल्या, "अण्णा, मोटर चालू करा की! झोपलात का?" तरी मी उठलो नाही. मला तिला अळणावरला न्यायची आस होती, असं ती समजत होती. मी नेलं नाही. लग्नानंतर चार-पाच वेळा आम्ही दोघं मिळून गेलो असू, तेही लग्नकार्याला, जेवून परत. एरवी ती एकटी जायची. मुलगी झाल्यावर तेही कमी झालं. गिरणी बंद ठेवली तर गिऱ्हाईक तुटतं, हे माझं कायमचं. पण ती समजून होती की माझी इच्छा आहे, फक्त जमत नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

तिचा भाऊ, माझा मेहुणा, अळणावरलाच असतो. तो महिन्याच्या तिथीला यायचा. जन्मभर यानं मला टोमणे मारले. "दाजी, आमच्या बहिणीला आणा की एकदा चार दिवस. का रेल्वे बंद पडली?" आणि मी म्हणायचो, "येऊ की, कवातरी." त्या खेपेला मी त्याला कागद दाखवला. वाचूनही दाखवलं. यांना आस फार. म्हटलं, बघ, काय लिहून गेली तुझी बहीण.

त्यानं कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "असंल, दाजी." एवढंच. आणि चहा प्यायला लागला.

'आस'च्या पुढं 'कवा' होता. त्याचा अर्थ मी असा लावला. मी कवा म्हणतो, ती केव्हा म्हणायची. 'कवा नव्हे, केव्हा' हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. तर माझं ते 'येऊ की, कवातरी' तिला आठवायचं, असं तिला म्हणायचं असेल. मला यांचा कवा येतो. म्हणजे यांचं ते कवा डोक्यात येतं. टोमणाच होता, पण तिच्यात टोमणा नसला तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

बावीस पानं संपली तेव्हा वर्षश्राद्धाला दोन महिने राहिले होते. मुलीनं सगळं वाचलं आणि 'कवा'वर अडली.

"अप्पा, हे काय?"

मी माझा अर्थ सांगितला.

"छे. आईनं तुमचं कवा आणि जवा बदलायला जन्म घालवला. ती कवा टाइप करणारच नाही. इथं ळ गेलाय, पण कुठं ते कळत नाही. एकदा मूळ बघायला पाहिजे."

"राहू दे कवाच. मला चालतं."

"तुम्हाला चालतं, तिला चाललं नसतं."

मला 'कवा'ची भीती नव्हती. त्याच्या वरच्या ओळीची होती. 'सगे'चे 'सगळे' झाले तेव्हाच ती मनात शिरलेली, पण मी तिच्याकडं बघितलं नव्हतं. मूळ उघडलं म्हणजे ते पण उघडणार. मी म्हटलं, कशाला त्रास, यंत्र जुनं आहे, जावयाला कॉलेज आहे. जेवढी कारणं सुचली तेवढी सांगितली. अळणावरला न जायची सांगायचो, तशीच.

जावयाची वेगळीच अडचण होती. तिचं ऑफिस लिनक्सवर चालवायची एक युक्ती असते, ती त्याला माहीत होती, पण करायची नव्हती. म्हणाला, "मी वर्गात पोरांना सांगतो, कुलूपबंद सॉफ्टवेअर नको. आणि इथं मीच?"

मुलगी म्हणाली, "आईनं रोख पैसे मोजून घेतलेलं आहे. खोकं आहे घरात. तिचं तिला वाचायला कुलूप कसलं?"

तो खुर्ची यंत्राकडं ओढून बसला. "आत बिडु," म्हणाला. असू दे. "अत्तीसाठी एकदा." मग माझ्याकडं वळला. "मावा, वाइन म्हणून एक प्रोग्रॅम आहे. तो मध्ये घालायचा."

"काय घालायचं?"

"वाइन."

"जावईबापू, तुमच्या सासूनं या घरात शिमग्यालासुद्धा बाटली येऊ दिली नाही. आणि आता ती गेल्यावर तिच्या यंत्रात दारू घालता?"

मुलगी हसली. तिची आई गेल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं हसलेलं मला आठवत नाही. जावई लाजला आणि घाईघाईनं समजावायला लागला. "तसं नाही मावा. तुमच्या गिरणीला आधी डिझेलचं इंजिन होतं ना? मग मोटर बसवली. दगड बदललात का?"

"दगड कशाला बदलू? पट्टा फिरला की दगड फिरतो. त्याला काय कळतंय पलीकडं इंजिन आहे का मोटर."

"तेच. अत्तीचं ऑफिस म्हणजे दगड. त्याला वाटतंय खाली विंडोजच आहे. वाइन म्हणजे पट्टा."

"मग पट्टा म्हणा की सरळ."

पहिल्या रविवारी पट्टा घसरला. सीडी घातली, खिडकी आली, निळी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि तिथंच मेली. जावई तीन वेळा करून थकला. मला आतून सुटल्यासारखं झालं. म्हटलं, राहू दे आता, नशिबात नाही. तो म्हणाला, "इंटरनेटवर विचारतो, कुणीतरी केलं असणार." आठवडाभर कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांना त्यानं विचारलं. माझ्या बायकोच्या ळ साठी. आणि त्यांनी उत्तरं दिली, हे मला अजून खरं वाटत नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारी परत बसले. या खेपेला पट्टी सरकत गेली. मग यंत्रानं खोक्यावरचा नंबर मागितला. मी कपाट उघडून साड्या बाजूला केल्या आणि खोकं आणलं. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. मुलगी एकेक अक्षर वाचत गेली, जावई टाइप करत गेला.

"नाव विचारतंय," तो म्हणाला. "कुणाचं घालू?"

"आईचं," मुलगी म्हणाली आणि तिनंच टाइप केलं.

मग ती खिडकी उघडली. मी दारातून रोज बघायचो तीच. वरची करडी पट्टी, तीच बारकी चित्रं. कोपऱ्यात एक डोळे मिचकावणारी टाचणी यायची, तिला ही म्हणायची, "हो गं बाजूला, मला माहीत आहे." ती टाचणी तेवढी आली नाही. जावई म्हणाला, वाइनमध्ये ती चालत नाही.

फॉन्ट घातला. फाइल उघडली. पहिली ओळ: आमचं अळणावर.

जावयानं त्या ळ वर नुसतं बोट ठेवलं, माझ्यासारखं.

मी म्हटलं, "सुरुवातीपासून वाचू या सगळं."

"आधी ते कवा बघते," मुलगी म्हणाली आणि सरळ एकोणिसाव्या पानावर गेली. मोठ्यानं वाचायला लागली. "अळणावर इथून किती लांब? गाडीनं दीड तास. दर मे महिन्यात हे म्हणतात, या वर्षी जाऊ. यांना..."

थांबली.

"वाच," मी म्हटलं.

"अप्पा..."

"वाच की. मला बहिरं केलंय का देवानं?"

"यांना आळस फार."

जावयाला काय झालं ते कळेना, तो आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघायला लागला. मुलगी हलक्या आवाजात पुढं वाचत राहिली. "अंगभर पीठ घेऊन दारात बसलेले दिसले की मला यांचा..." आणि परत थांबली. मी तिच्या खुर्चीमागं गेलो आणि पडद्यावर बोट ठेवून स्वतः वाचलं. पीठ लागलं पडद्याला.

"मला यांचा कळवळा येतो आणि मी परत विचारत नाही."

मला आधी हसू आलं. आळस! हा खरा तिचा शब्द. आस हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता, आणि चार-पाच महिने मी तोच धरून बसलो होतो. मेहुण्याला वाचून दाखवला होता. पुढचं मी परत एकदा वाचलं, मग खाली बसलो. कुठं बसलो ते बघितलं नाही, तिच्या पाटावर बसलो होतो, ज्याच्यावर ती पाय ठेवायची.

जरा वेळानं मुलगी म्हणाली, "अप्पा, छापताना आस ठेवू या का? मामांना तुम्ही दाखवलंय. बाकीचे पण वाचणार."

"नको."

"लोक हसतील."

"हसू देत. तिनं टाइप केलंय ते छाप. एक अक्षर इकडं-तिकडं करायचं नाही. तिनं माझं करू दिलं असतं का?"

जावई म्हणाला, सेव्ह करायला गेलं तर हे बंद पडतंय, नुसतं वाचता आणि छापता येईल. तेवढंच पाहिजे होतं. त्यानं आमच्या डोळ्यांसमोर बावीस पानं कागदावर काढली, आणि प्रेसवाल्यानं त्याच्यावरूनच पुस्तकं केली. पेन्सिलीची माझी पानं मुलगी घेऊन गेली. कशाला ते मी विचारलं नाही.

वर्षश्राद्धाला सगळ्यांच्या हातात एकेक गेलं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर सुरू. "काय अण्णा, आळस फार म्हणे? तरीच परवा माझे गहू तसेच राहिले." मी म्हटलं, छापील आहे, खोटं कसं असेल? बायका हसल्या. कळवळ्याचं मात्र कुणी काढलं नाही.

मेहुणा गुडघे धरल्यामुळं येऊ शकला नव्हता. त्याचं पुस्तक राहिलं. मुलगी म्हणाली, पोस्टानं पाठवते. मी म्हटलं, दे इकडं. सोमवारी गिरणीला कुलूप घातलं आणि सकाळच्या गाडीत बसलो. बायका कुलपाकडं बघून काय म्हणाल्या असतील ते म्हणोत. धारवाड गेलं, पुढं झाडी लागली. अळणावरला उतरून स्टेशनचं घड्याळ बघितलं. दीड तासालाही पाच मिनिटं कमी.

मेहुणा पलंगावर बसला होता. मला बघून त्यानं आधी माझ्या मागं बघितलं, सवयीनं. मग म्हणाला, "या, दाजी." मी पुस्तक दिलं. त्यानं चष्मा लावून सरळ एकोणिसावं पान काढलं. नंबर लक्षात ठेवला होता गड्यानं. वाचलं आणि मान हलवली.

"आता बरोबर आहे."

"तेव्हाच कळलं होतं तुला?"

"माझी बहीण, दाजी. आस म्हणणारी नव्हती ती."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? ती जाऊन चार-पाच महिने झालेले. तुम्ही तो कागद असा धरून बसलेला."

त्याची बायको चहा घेऊन आली. संध्याकाळच्या गाडीनं जाणार का राहणार, विचारलं. मी म्हटलं, बघू. मग मेहुण्याला विचारलं, पुस्तकातली ती वखार कुठं होती, जिथं ही ओंडक्यावर बसून अभ्यास करायची.

"ती कधीच मोडली. आता नुसती जागा आहे, रुळाच्या पलीकडं. ऊन उतरू दे, मग पोराला पाठवतो तुमच्याबरोबर."

"मी जातो. आत्ताच जातो," मी म्हटलं, आणि चहा तसाच ठेवून चपला शोधायला लागलो.